खुर्चीपुढचं पाणी

६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी बरे असाल असं धरून चालतो. मागच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, पण पत्ता मी तीनदा ताडून पाहिला आहे, म्हणजे पत्रं पोचत असणार. उत्तराची घाई नाही.

इकडचं सगळं ठीक आहे. आत्याचे गुडघे गेले पण तोंड शाबूत आहे. मी अजून आपल्या त्याच दोन खोल्यांत राहतो, आतल्या खोलीत. बाहेर अप्पांची खाट होती तशीच आहे. तिच्या दांड्याला तू बसवलेली सायकलची घंटीसुद्धा काढलेली नाही. पुसतो मात्र रविवारी.

आता बातमी. मी मुद्रितं तपासायचं सोडलं. म्हणजे ऑफिस तेच, जाहिरातींचं, पण काम बदललं. शाळा नववीत सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही, त्यावर दोन वर्षं पोट भरलं. ऑफिसात मला 'शुद्धलेखन' म्हणूनच हाक मारतात. जानेवारीत एका छत्रीच्या जाहिरातीचा मजकूर तपासताना मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'हे आपण नक्की कोणाला सांगतो आहोत?' तो कागद बाईंच्या हातात पडला. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. साठीला आल्या आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. त्यांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या चुका पुष्कळ काढल्यास. आता प्रश्न काढायला शीक."

तेव्हापासून मी ब्रीफ लिहायला शिकतो आहे. ब्रीफ म्हणजे एक पान. वस्तू विकणारा येऊन तासभर बोलतो. ते ऐकून आम्ही एका पानात मांडायचं: कोणाशी बोलायचं, त्याला काय सलतं, आणि त्याला एकच गोष्ट सांगायची तर कोणती. त्या पानावरून लिहिणारे लिहितात, चित्र काढणारे काढतात. पान भोंगळ तर पुढचं सगळं भोंगळ.

माझं पहिलं ब्रीफ कुलपाचं होतं. 'वय पंचवीस ते पंचेचाळीस, शहरी, सुरक्षिततेबाबत जागरूक,' असं सुवाच्य अक्षरात लिहून नेलं. जाहिरातींचा मजकूर लिहिणारा एक आहे, त्याला सगळे कवी म्हणतात. त्याने वाचून विचारलं, "शुद्धलेखन, हा माणूस आहे की जनगणना?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कुलूप लावून निघाल्यावर हा किती पावलांवरून परत फिरतो, ओढून बघायला?"

"सात," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी सात पावलांवरून फिरतो."

"मग ते लिही ना."

ते लिहिलं आणि कुलपाची जाहिरात चांगली झाली. हे सगळं तुला सांगायचं कारण पुढे आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्या माणसासाठी जाहिरात करायची, त्याच्यासाठी बैठकीच्या टेबलाशी एक खुर्ची मोकळी ठेवतात आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला. ब्रीफ पक्कं होईपर्यंत त्या खुर्चीत कोणी बसायचं नाही. बाई म्हणतात, समोर माणूस बसलाय असं वाटलं की जीभ आपोआप सरळ चालते. ब्रीफ पक्कं झालं की बाई "ओळख पटली" म्हणतात आणि खुर्ची टेबलाखाली सारतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

आता आमच्याकडे ऐकू येण्याच्या यंत्राचं काम आलं आहे. कानामागे लावतात ते. बाईंनी ते मला एकट्याला दिलं. एक म्हातारा हवा होता, खराखुरा. दादा, मी अप्पांना घेतलं. तुला न विचारता घेतलं, म्हणून कळवतो. साध्याच गोष्टी लिहिल्या: सायकलचं दुकान, ऐकू येत नसताना मान डोलावणं, समोरचा हसला की अर्ध्या क्षणाने आपणही हसणं. यंत्राला कित्येक वर्षं नाही म्हणणं, आणि एक दिवस 'बरं, आण' म्हणणं. मोठा मुलगा त्याच दुपारी यंत्र आणायला जातो, तेही लिहिलं. घंटीचं लिहिलं नाही. ते आपल्या घरातलं आहे.

आमच्या कागदावर शेवटचा एक रकाना असतो, 'हा माणूस कोणाला सांगत नाही ते'. तो मी सध्या रिकामा ठेवला आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
धाकटा


२७ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुमचं सगळं ठीक असेल. इकडे गरम होऊ लागलं आहे. आत्याने तुझा पत्ता मागितला, मी दिला नाही. तिने मागे सगळ्यांदेखत तुला जे सुनावलं ते मी विसरलेलो नाही. 'बापाजवळ अर्धा तास बसवलं नाही तुला,' असं म्हणाली होती. तू खाली मान घालून 'हो, माझं चुकलं' म्हणालास. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो.

असो. ब्रीफची बैठक झाली. मी वाचून दाखवलं. मान डोलावण्यापाशी कवी हसला आणि मग म्हणाला, त्याच्या आजीचंही तसंच होतं. आमचा चित्रकार अबोल आहे, बैठकीत तो ऐकता ऐकता कागदावर काहीतरी काढत असतो. माझं वाचून झालं तेव्हा त्याने कागद सरकवला. एक खाट होती. चादरीवर म्हाताऱ्याचा हात. आणि उशाच्या दांड्याला सायकलची घंटी.

मी विचारलं, "ही घंटी कुठून आली?"

"तुझ्या कागदातून."

"कागदात नाहीये."

"मग तोंडाने बोलला असशील."

"मी बोललो नाही."

कवी म्हणाला, "अरे, सायकलवाला म्हातारा म्हटल्यावर घंटी येणारच. दे त्याला बक्षीस."

खरं आहे, येऊ शकते. पण तिच्यावरचा पोचासुद्धा काढला होता, डाव्या बाजूचा, तू बसवताना पकड निसटली होती तो. मी जागेवर जाऊन कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला, मुद्रितं तपासताना वाचायचो तसा, म्हणजे एकही शब्द नजरेतून सुटत नाही. घंटी हा शब्द नव्हता.

दुसरी गोष्ट पेल्याची. आमच्याकडे शिपाईमामा आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे. खुर्चीपुढचा पेला सकाळी तेच भरतात. परवा मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुमचा पाहुणा पाणी फार पितो बुवा. आज तिसऱ्यांदा भरला." मला वाटलं, थट्टा करतात. पण मामा थट्टा करत नाहीत. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "खोली तापते, पाणी उडतं." म्हणून काल मी पेल्यावर बशी झाकली आणि पाण्याच्या पातळीला बाहेरून पेन्सिलीने रेघ मारली. जेवणाच्या सुट्टीनंतर गेलो. बशी जागेवर होती. पाणी रेघेखाली दोन बोटं गेलं होतं.

तुला आठवत असेल, शेवटच्या महिन्यात अप्पांना सारखी तहान लागायची. गोळ्यांमुळे, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाईंनी ब्रीफ परत केलं. म्हणाल्या, "भाषा निर्दोष आहे. पण तुझ्या कागदातली सगळी माणसं चांगली आहेत, म्हणून मला एकाचाही विश्वास वाटत नाही." मग चष्मा डोक्यावर चढवून विचारलं, "दोन मुलगे लिहिलेस. मोठा यंत्र आणायला गेला. धाकटा कुठे होता?"

"क्लासला."

"असं," बाई म्हणाल्या आणि शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "जे लिहायला हात मागे येतो ना, ते इथे लिहायचं. बाकी सगळी प्रस्तावना."

मी टायपिंगच्या क्लासलाच होतो. तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. साडेतीनला सुटलो, चारला घरी पोचलो. तू आधीच आलेला होतास, हातात यंत्राची पेटी घेऊन दारात उभा. तुझा चेहरा पाहून मला कळलं.

ती पेटी माझ्याकडे आहे. सील फोडलेलं नाही. तुला हवी असेल तर पाठवतो.

तुझा,
धाकटा


१७ एप्रिल

दादा,

हे पत्र मी कच्चं लिहून पक्कं करणार नाही. माझी सगळी पत्रं मी आधी पाठकोऱ्या कागदावर लिहितो आणि मग चांगल्या कागदावर उतरवतो, हे तुला ठाऊक नसेल. या पत्रात खाडाखोड दिसेल. ती तशीच पाठवतो आहे.

सोमवारी यंत्राच्या जाहिरातीचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा होता, नुसता नमुना म्हणून. ब्रीफ पक्कं नव्हतं, पण यंत्र विकणाऱ्या मालकाला काहीतरी ऐकवायचं होतं. ध्वनिमुद्रणाची खोली लहान आहे. भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की आपलाच श्वास मोठा वाटतो. कवीने मजकूर वाचला. एक मिनिटाचा. मग मुद्रण करणाऱ्याने तो परत लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाहेर सायकल आहे का कोणाची?"

मीही ऐकलं. कवीच्या आवाजाच्या मागे घंटी वाजत होती. जोराने नाही. अंगठ्यात बळ नसलेल्या माणसाने दाबावी तशी, मधे मधे थांबून.

कवी म्हणाला, "या खोलीत बाहेरचं कुत्रंसुद्धा ऐकू येत नाही. तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे."

"अकरा वेळा वाजेल," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं.

मुद्रणवाल्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि बोटं मोजली. एका हाताची, दुसऱ्या हाताची, आणि मग पहिल्या हाताचं एक. मग त्याने मशीन बंद केलं. कवीने विचारलं, "तुला कसं माहीत रे?" पहिल्यांदाच त्याने मला शुद्धलेखन म्हटलं नाही.

मला कसं माहीत ते तुला सांगतो.

त्या दिवशी क्लासचे मास्तर आले नाहीत. मी साडेतीनलाच घरी आलो. तू नुकताच गेला असावास, दार नुसतं लोटलेलं होतं. अप्पा झोपले होते. मी चपला हातात घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि अर्ज लिहायला बसलो. या नोकरीचा अर्ज. तीन चांगले कागद आणले होते, त्यातले दोन शाईच्या डागाने वाया गेले होते, तिसरा हातात होता. खाली नाव-पत्ता आणि वर चार ओळी. शुद्धलेखनाची नोकरी, तर अर्जात एक काना इकडचा तिकडे चालणार नव्हता.

घंटी वाजली तेव्हा शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

मी ऐकली, दादा. माझे कान शाबूत आहेत. मला वाटलं, पाणी हवं असेल, एवढी ओळ झाली की देतो. हात थांबला असता तर अक्षर बदललं असतं, पुढची ओळ वाकडी गेली असती. मी लिहीत राहिलो आणि घंटी मोजत राहिलो. तिसरीला वाटलं, उठावं. सातवीला रागच आला. अप्पांना स्वतःला ती घंटी ऐकू यायची नाही, तुला आठवतं ना, वाजवली की ते आपल्या तोंडाकडे बघायचे, वाजली का ते कळायला. त्या दिवशी समोर तोंडच नव्हतं. त्यांना वाटलं असेल, वाजतच नाहीये.

अकरानंतर थांबली. मला बरं वाटलं. मी शेवटची ओळ लिहिली, खाली सही केली, आणि मग आवाज आला.

दारातून पाहिलं तेव्हा पेला अजून गडगडत होता. रिकामा. अप्पा जमिनीवर पडले होते, माठापर्यंत चार पावलं राहिली होती. मी जवळ गेलो, नाकाशी हात धरला, श्वास नव्हता. मग अर्ज दप्तरात घातला, चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानाआड उभा राहिलो. तू पेटी घेऊन घरात जाताना मला दिसलास. घाईत होतास, पेटीवरची पावती वाऱ्याने उडाली ती उचलायला परत फिरलास. त्यानंतर मी दोनशेपर्यंत आकडे मोजले आणि घरी आलो. क्लासमधून.

डॉक्टर म्हणाले होते, पडल्यावर काही करता आलं नसतं. हे वाक्य मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपतो. पण पडण्याआधी एक पेला पाणी द्यायचं होतं, त्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांना ठाऊक नव्हतं.

आत्या तुला बोलली तेव्हा मी गप्प बसलो. तू दुकान विकलंस तेव्हा गप्प बसलो. तुम्ही इथून कायमचे निघालात तेव्हा वहिनींनी मला विचारलं होतं, "भाऊजी, हे झोपेत अर्धा तास, अर्धा तास म्हणत असतात, मी काय करू?" मी म्हणालो, "वेळच औषध आहे." असं मी म्हणालो. अप्पा एकटे नव्हते, दादा. तू त्यांना एकटं टाकून गेला नव्हतास. घरात मी होतो.

मंगळवारचं सांगायचं राहिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. मी बैठकीच्या खोलीत कागद घेऊन बसलो, खुर्चीच्या समोर. लख्ख दुपार, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. शेवटच्या रकान्यात लिहायला घेतलं. अर्धी ओळ झाली आणि घंटी वाजली. या वेळी मशीनमधून नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण मी उठलो. अक्षर अर्धं टाकून उठलो, पेनाचा फराटा पार खालपर्यंत गेला. पेला पाहिला तर रिकामा होता, तळाशी थेंबही नव्हता. कोपऱ्यातल्या पाण्याच्या जगमधून भरला, माझ्या हाताने बाहीवर सांडला, आणि आणून ठेवला. वर पाहिलं तर खुर्ची मघाशी टेबलाकडे तोंड करून होती, ती आता माझ्याकडे वळलेली होती. कोणीतरी तोंडाकडे बघत असावं तशी.

मी मोठ्याने म्हणालो, "वाजली, अप्पा. ऐकू आली."

काही झालं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी लावत होतं. थोड्या वेळाने मामा आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भरलेल्या पेल्याकडे पाहिलं, आणि पाय न वाजवता परत गेले.

मग मी ब्रीफ नव्याने लिहिलं. 'कोणाशी बोलतो आहोत' तिथे म्हाताऱ्याचं नाव खोडलं आणि लिहिलं, 'शेजारच्या खोलीतला मुलगा, ज्याला नीट ऐकू येतं.' 'काय सांगायचं' तिथे लिहिलं, 'ऊठ.' शेवटच्या रकान्यात वर तुला लिहिलं ते लिहिलं, थोडक्यात. संध्याकाळी बाईंना दिलं. त्या फार वेळ वाचत होत्या, एवढासा कागद. कागदावरचा फराटा त्यांनी बोटाने शेवटपर्यंत चाचपला. चष्मा काढून पुसला. मग एवढंच विचारलं, "खुर्ची आत सारू?"

मी म्हणालो, "अजून एकाने वाचायचं आहे."

"कोणी?"

"मोठ्या मुलाने."

त्यांनी मान हलवली. मालकाकडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. तू नको म्हणालास तर तो कागद फाडायचा आणि मी दुसरा म्हातारा शोधायचा, असं ठरलं आहे. पण जाहिरात राहो की जावो, ती घंटी तुला रेडिओवर कुठेतरी अचानक ऐकू यावी आणि त्याआधी माझ्याकडून कळलेलं नसावं, हे मला चालणार नव्हतं.

रविवारी आत्याकडे जाऊन तिलाही सांगणार आहे. ती काय म्हणेल ते मला पाठ आहे. म्हणू दे.

तू क्षमा करावीस म्हणून हे लिहिलं नाही. लिहिताना तसं वाटत होतं, पण आता शेवटाशी आल्यावर वाटतं, ते मागणं म्हणजे पुन्हा माझीच ओळ पुरी करून घेणं होईल. तू रात्री झोपावास, एवढंच. तो अर्धा तास तुझा नव्हता.

पेला मी रोज स्वतः भरतो. मामांना सांगून ठेवलं आहे. खुर्ची अजून बाहेर आहे, माझ्याकडे तोंड करून. आता बोलावणं आलं की मी पहिल्याच खेपेला उठतो. तुझं बोलावणं आलं तरी तसाच उठेन, काहीही बोलायला बोलावलंस तरी.

पेटी सोबत पाठवतो आहे. ती तू आणलेली होतीस.

त्या दुपारी घरी असलेला,
तुझा धाकटा भाऊ